ठोका थांबला तेव्हा: लिनक्समधील वीजबचतीचा एक टप्पा

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे यंत्रसामग्री आणि प्रोग्राम यांच्यात दुवा राखणाऱ्या ‘कर्नल’मध्ये, आरंभापासून एक ठरावीक ठोका पडत असे, सेकंदाला 100 वेळा घड्याळ प्रोसेसरला हाक देई आणि तो हातातले काम थांबवून कालगणना करी व पुढची पाळी कोणाची हे ठरवी. 2003 च्या अखेरीस आलेल्या 2.6 या आवृत्तीत, प्रतिसाद तत्पर व्हावा म्हणून, हा वेग इंटेल धर्तीच्या संगणकांवर 1000 झाला. पण त्याची झळ लॅपटॉपच्या बॅटरीला बसली, कारण रिकामा प्रोसेसर वीज वाचवणाऱ्या गाढ निद्रावस्थेत उतरतो न उतरतो तोच त्याला पुन्हा उठावे लागे. 2005 मध्ये 250 ठोक्यांची तडजोड झाली, तरी मूळ दोष राहिलाच.

खरा पालट एप्रिल 2007 मधील 2.6.21 या आवृत्तीने घडवला: थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांच्या कामामुळे, प्रोसेसर रिकामा असताना ठोका बंद ठेवून त्याला पुढील नियोजित कामाच्या वेळीच जागे करणे शक्य झाले. पुढच्याच महिन्यात इंटेलने ‘पॉवरटॉप’ हे साधन प्रसिद्ध केले आणि कोणता प्रोग्राम सेकंदाला किती वेळा प्रोसेसरला उठवतो, हे सामान्य वापरकर्त्यालाही सहज दिसू लागले. या साधनाचे मोल कर्नलमधील बदलाइतकेच मानले पाहिजे, कारण ठोका थांबल्यावरही विनाकारण पुन्हा पुन्हा जागे होणारे प्रोग्राम प्रोसेसरला झोपू देत नव्हते, आणि त्यांची नावे उघड झाल्यावरच त्यांच्या दुरुस्तीला वेग आला.