महाजनांची यादी, शिरगणती आणि आपले स्थलांतर

आपले घराणे बेळगावास केव्हा व कसे आले, याविषयी प्रत्येक महाजन कुटुंबात एखादी कथा सांगितली जाते. तीत बहुधा एकच रात्र, एकच पालखी आणि एकच पलायन असते. कागदपत्रांतून दिसणारा क्रम मात्र निराळा आहे.

गोव्यात १५६० साली धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाली. त्याच काळात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास व म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास नेण्यात आली. हे अंतर अवघे काही कोसांचे. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता आणि बेळगावही आदिलशाहीतच होते. परंतु आपली सर्व घराणी त्याच वेळी घाट चढून येथे आली, असे मानण्यास आधार नाही. मौज अशी की, देवळांच्या जमिनी जप्त करण्यासाठी पोर्तुगीजांनी १५६७ च्या सुमारास ज्या नोंदी केल्या, त्यांतच मोडलेल्या देवळांची व देवांची नावे टिकून राहिली.

लोक कसे हलतात, याचा अभ्यास रॅव्हनस्टाइन या भूगोलशास्त्रज्ञाने ब्रिटनमधील १८८१ च्या शिरगणतीवरून केला व १८८५ साली प्रसिद्ध केला. शिरगणतीत जन्मस्थानाचा रकाना होता; राहण्याचे ठिकाण व जन्माचे ठिकाण यांची त्याने सांगड घातली. बहुतेक माणसे जवळच जातात, दूर जाणारी व्यापाराच्या व उद्योगाच्या मोठ्या केंद्रांकडे वळतात, आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, असे त्यास आढळले. सासष्टी, अंत्रुज, मग चोर्ला किंवा रामघाटाने बेळगाव, ही आपली वाटचाल याच नियमात बसते. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, कॅम्प वसला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस लोंढा व कॅसलरॉक मार्गे गोव्याशी आगगाडी जोडली गेली. माझ्या मते खडेबाजारातील पेढ्यांचा इतिहास धर्मसंकटाइतकाच या बाजारपेठेने घडविला आहे. उलटा प्रवाहही पुढे आला: १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर बेळगावची माणसे नोकरीधंद्यासाठी घाट उतरू लागली.

आडनाव हाही एक दाखलाच. लोटलीत राहणाऱ्यास लोटलीकर कोण म्हणणार? गाव सुटल्यावरच गावाचे नाव माणसास चिकटते.

शिरगणतीत मातृभाषेचा रकाना एकच. घरी कोकणी, देवळात व शाळेत मराठी, गिऱ्हाइकाशी कानडी बोलणाऱ्या कुटुंबाने त्यात काय लिहावे? जे लिहिले गेले त्याच आकड्यांवर पुढे सीमावाद लढविला गेला. १९६६ साली नेमलेल्या मेहेरचंद महाजन आयोगापुढेही (आडनावाचा योगायोग सोडून देऊ) तेच मांडले गेले. स्थलांतरामुळे बहुभाषिक झालेले घर आकड्यात एकभाषिक ठरते.

आता आपल्या यादीकडे वळू. गोव्यातील महाजनांच्या नोंदीस १८८६ च्या व पुढे १९३३ च्या पोर्तुगीज कायद्याने रीतसर रूप आले. कोण कोठे राहावयास गेला, हे पिढ्यान् पिढ्या सांगणारे असे साधन फार थोड्या समाजांपाशी असेल. पण ती परंपरेने पुरुषवंशाची यादी आहे. इकडे रॅव्हनस्टाइनला आढळले की, जवळच्या अंतरावर स्त्रियाच अधिक हलतात. भारताच्या शिरगणतीत १९७१ पासून मागील वास्तव्याचे ठिकाण व १९८१ पासून स्थलांतराचे कारण विचारले जाऊ लागले. २०११ च्या गणनेत सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित निघाले आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास लोकांचे कारण विवाह हे होते. त्यांत बहुतेक स्त्रियाच. म्हणजे ज्या माणसांनी सर्वाधिक गावे बदलली, गोव्याकडील सण, पदार्थ व बोली माजघरात आणली, निपाणी-कोल्हापूरकडे लेकी देऊन सोयरिकी विणल्या, त्यांचीच नोंद आपल्या पुस्तकात नाही.

यादीची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा प्रत्येक नावापुढे जन्मस्थान, मागील वास्तव्य, येण्याचे वर्ष व कारण असे चार रकाने घालावेत, आणि घरातील प्रत्येक सुनेचे माहेरचे नाव, गाव व कुलदैवत नोंदवावे, अशी महाजन बंधुभगिनींस विनंती आहे. १९६१ पूर्वी लग्न होऊन गोव्याहून बेळगावात आलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत.