दीड इंचाचें दार

बागेंत पांखरांसाठीं लांकडी पेटी ठोकणें ही निव्वळ हौस वाटते. पण अमेरिकेंतील निळ्या ब्लूबर्ड पक्ष्याला तिनेंच आधार दिला. हा पक्षी वाळक्या झाडांच्या ढोलींत राहणारा. तीं झाडें तुटलीं. युरोपांतून १८५१ च्या सुमारास आणलेली चिमणी व १८९० मध्यें न्यूयॉर्कांत सोडलेला स्टार्लिंग यांनीं उरल्यासुरल्या ढोली बळकावल्या. १९३४ मध्यें इलिनॉय प्रांतीं क्विन्सी गांवाभोंवतीं थॉमस मसेलमन यांनीं रस्त्याच्या कडेनें ओळीनें पेट्या लावण्यास आरंभ केला. साध्या फळ्या, उघडतां येणारी एक बाजू आणि दीड इंच व्यासाचें गोल दार! स्टार्लिंगला तें अपुरें पडतें. पुढें इतरांनींही हाच मार्ग धरला आणि शतकाच्या उत्तरार्धांत ब्लूबर्डची संख्या पुन्हां वाढली. चिमणी मात्र त्याच दारानें आंत शिरते; म्हणून पेटी टांगल्यानें काम संपत नाहीं, प्रत्येक वसंतांत तिची राखण करावी लागते.