खाट कुणाच्या नोंदवहीत?

कन्हान परिसरात कोळसा खाणीतून निवृत्त झालेली माणसं पुष्कळ. मुलं नोकरीनिमित्त नागपूर-पुण्याला, आणि घरी वडील अंथरुणाला खिळलेले. मग त्यांना सांभाळणारी कामठीपासून नागपूरपर्यंतची चार ठिकाणं पालथी घालायची आणि त्यातलं बरं कोणतं ते ठरवायचं. पण ठरवायचं कशाच्या आधारावर? सरकारने या प्रश्नाकडे कसं पाहिलं, हे गेल्या पाऊणशे वर्षांचे कायदे आणि शासन निर्णय एकापुढे एक ठेवले की बरंचसं जुळवता येतं.

पहिला कागद १९४९चा, मुंबई नर्सिंग होम नोंदणी अधिनियम. कन्हान तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. विदर्भ मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ला, म्हणजे हा कायदा इकडे पोचला तो त्यानंतरच. कायद्याची ठेवण इंग्लंडच्या १९२७च्या कायद्याशी इतकी मिळतीजुळती आहे की दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावेत. तसं वाचताना एक फरक डोळ्यांत भरतो. आजारी, जखमी किंवा विकल माणसाला ठेवून घेऊन त्याची शुश्रूषा केली, एवढ्यावर इंग्लंडात ते नर्सिंग होम ठरे. मुंबईच्या व्याख्येत शुश्रूषेसोबत उपचारही आले. माझ्या मते पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं लहान खासगी इस्पितळ, हेच रूढ झालं. ज्याला औषधापेक्षा रात्री कूस बदलून देणारा हात हवा, तो म्हातारा माणूस कायद्याच्या काठावर राहिला.

तरी त्या जुन्या कायद्यात घेण्यासारखं बरंच आहे. नर्सिंग होम चालवणारा पात्र डॉक्टर किंवा पात्र परिचारिका असावी आणि तिथेच राहणारी असावी. शुश्रूषा करणाऱ्यांत पात्र परिचारिकांचं योग्य प्रमाण असावं. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं. ‘योग्य’ म्हणजे किती, हे मात्र कलमात नाही. तपासणी अधिकाऱ्याला जागा आणि दप्तर पाहता येतं, पण एखाद्या रुग्णाची वैद्यकीय नोंद उघडण्याचा अधिकार त्याला नाही. रुग्णाची खासगी बाब जपायची म्हणून ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण खोली किती मोठी हे दप्तरात येतं, पाठीला जखम कधी झाली हे येत नाही.

वृद्धांच्या निवाऱ्याचे कागद वेगळ्या खात्यात, समाजकल्याणकडे. १९६३मध्ये राज्याने वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना आणली. १९९५मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आली, त्यात काही जागा शुल्क भरणाऱ्यांसाठी आणि काही निःशुल्क. मग केंद्राचा २००७चा पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा. त्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची गोष्ट करतं, पण फक्त निर्धनांसाठी. निवृत्तिवेतनावर जगणारा खाण कामगार तिथे बसत नाही.

या कायद्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत मात्र एक आकडा आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो: शयनकक्षात माणशी साडेसात चौरस मीटर, म्हणजे जवळपास ८० चौरस फूट. सहा बाय तीन फुटांची खाट १८ चौरस फूट खाते. उरलेल्या जागेत कपाट, खुर्ची, आणि चाकाची खुर्ची वळेल एवढी मोकळीक. नियम निर्धनांच्या आश्रमासाठी असला, तरी पैसे मोजणाऱ्याने त्याहून कमी जागा का पत्करावी? खिशात मोजपट्टी ठेवूनच जावं.

१३ डिसेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर केंद्राला सांगितलं, की जिल्हावार वृद्धाश्रम किती ते राज्यांकडून मागवा. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर आधी मोजदाद करा म्हणावं लागलं, याचं वाईट वाटतं. पुढच्याच डिसेंबरात लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात खासगी सांभाळगृहांची नोंदणी आणि किमान दर्जा, दोन्ही होतं. संसदीय स्थायी समितीचा अहवालही आला. विधेयक मंजूर न होता २०२४मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बाद झालं.

इस्पितळाच्या बाजूने मात्र काही हललं. त्याच १९४९च्या कायद्याखालच्या, जानेवारी २०२१मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्राच्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं व तक्रार निवारणाची सोय ठेवणं नर्सिंग होमवर बंधनकारक केलं.

म्हणून कन्हानच्या घराने दोन ठिकाणांची तुलना करताना आधी विचारावं, की नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे. नर्सिंग होमची असेल तर प्रमाणपत्र, सनद आणि दरपत्रक भिंतीवर शोधावं. संस्था फक्त धर्मादाय न्यास किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असेल, तर त्या कागदाने शुश्रूषेची कोणतीही हमी मिळत नाही हे धरून चालावं आणि ती हमी करारात लिहून मागावी: रात्रपाळीला किती जण, त्यांत प्रशिक्षित किती, कूस बदलल्याची नोंद कोण ठेवतं, आणि ती वही घरच्यांना कधीही पाहता येईल का.