पोलिसांची गाडी किती पळते?

गोहलपूर ठाण्याच्या हद्दीतून जात होतो. मागून पोलिसांच्या गाडीचा सायरन सुरू झाला. आमच्या चालकाने गाडी बाजूला घ्यायचा प्रयत्न केला, पण बाजू असायला हवी ना! पुढे ई-रिक्षांची रांग, कडेला भाजीची हातगाडी, रस्त्याच्या मधोमध एक निवांत गाय. पोलिसांची गाडी सायरन वाजवत आमच्या मागोमाग चालत्या माणसाच्या वेगाने येत राहिली. चालक हरियाणाचा, बावीस वर्षांचा पोरगा. आरशात बघत म्हणाला, "साहब, ये कितना भागती होगी?"

कागदावर बघायचं तर ताशी दीडशे किलोमीटर सहज. दुबई पोलिसांकडे बुगाटी वेरॉन आहे, तिचा कमाल वेग ताशी ४०७ किलोमीटर. आपल्या वाचकांतल्या जुन्या मंडळींना जबलपूरची जोंगा आठवत असेल. मूळची निसानची पेट्रोल गाडी, पण नावात जबलपूर घेऊन सैन्यात मिरवली. ती किती पळते हे कुणी विचारत नसे, पेट्रोल किती पिते एवढंच विचारत.

पण कागदावरचा आकडा रस्त्यावर उतरला की वेगळाच दिसतो. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. समोर पोर आडवं आलेलं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो, म्हणजे गाडी २८ मीटर आंधळीच धावते. त्यानंतर ब्रेकचं काम सुरू. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. गोहलपूरच्या बाजारात २८ मीटरमध्ये किती माणसं उभी असतात ते स्वतः मोजून बघा. पळणारा त्यांची पर्वा करत नाही. मागे लागणाऱ्याला मात्र करावीच लागते, कारण त्याच्या अंगावर सरकारची वर्दी असते. ही शर्यत सुरुवातीपासूनच असमान आहे, आणि ती असमान आहे हेच बरं आहे.

वेगाने पळणाऱ्याला वेगाने गाठायचा हट्ट इथे फार जुना. जबलपूर तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होतं आणि नर्मदेच्या खोऱ्यात पेंढाऱ्यांचे तळ होते. पेंढारी दिवसाला चाळीस-पन्नास मैल घोडदौड करीत. ना तंबू, ना तोफा, ना बाजारबुणगे. १८१६ च्या मार्चमध्ये ते पार गुंटूरपर्यंत गेले आणि बारा दिवसांच्या आत तीनशेवर गावं लुटून परत फिरले. कंपनीचं घोडदळ पोहोचेपर्यंत फक्त राख उरलेली असे. शेवटी हेस्टिंग्जने पाठलागाचा नाद सोडला. १८१७ मध्ये त्याने लाखाच्या वर फौज उत्तरेकडून आणि दख्खनकडून एकाच वेळी हलवली आणि उतार, घाट, रस्ते धरले. त्याच धामधुमीत १९ डिसेंबर १८१७ ला जनरल हार्डिमनने जबलपूरला भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि हे शहर मराठ्यांच्या हातून गेलं. वर्षाभरात पेंढाऱ्यांना पळायला जागाच उरली नाही. करीमखान शरण आला. चितू असीरगडजवळच्या जंगलात एकटा भटकताना वाघाच्या तोंडी गेला.

आपल्या भाषेत सांगायचं तर त्याने 'स्टॉप' लावले. कॉर्डन अँड सर्च केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, घरात शिरणाऱ्या टोळीइतकंच काम मागच्या नाल्यात रात्रभर बसलेला स्टॉप करतो. त्याचं नाव मात्र कुठे येत नाही.

पुढे याच जबलपुरात विल्यम स्लीमन बसला. ठग तर पळतही नसत. ते प्रवाशांबरोबर गप्पा मारत चालत असत, मग त्यांच्यामागे धावणार कसं? स्लीमनने माफीचे साक्षीदार तयार केले, त्यांच्याकडून टोळ्यांच्या वंशावळी लिहून घेतल्या आणि खुनाच्या जागा नकाशावर मांडल्या. फिरंगिया हा त्यातला नामांकित ठग. स्लीमनने त्याच्या आईला, बायकोला आणि मुलाला कैदेत ठेवलं. ही माणसं आपल्या हातात असताना तो फार लांब जाणार नाही हे त्याने ताडलं होतं. १८३० मध्ये फिरंगिया सापडला, आणि पुढे त्यानेच साथीदारांची माहिती दिली.

हे वाचताना मी दर वेळी थोडा अडखळतो. घोडा न दमवता माणूस मिळाला, पण ओलीस धरली ती बाई आणि पोर. १८३६ च्या कायद्याने तर नुसतं ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. याच वाटेने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि अख्ख्या जमातींवर जन्मतःच शिक्का बसला. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला. आपल्याकडच्या फासेपारध्यांना विचारा, गावात चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या पालावर येतात.

इंग्लंडात मोटार आली तेव्हा पहिला नामांकित पाठलाग सायकलवरून झाला. १८९६ मध्ये केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ ताशी २ मैलांची मर्यादा असताना ८ मैलांनी चालला होता. शिपायाने पाच मैल पेडल मारून त्याला धरलं. तेव्हा शिपायाचे पाय यंत्राला भारी पडले. पुढे यंत्र पायांच्या कह्यात राहिलं नाही आणि पोलिसांनी यंत्रालाही मागे टाकेल अशी गोष्ट धरली, ती म्हणजे बिनतारी संदेश.

त्याची किंमत मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिली. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत कसाब आणि इस्माईलने क्वालिसवर गोळ्या झाडल्या. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले. दोघांनी तीच गाडी पळवली. मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या देहांमध्ये हवालदार अरुण जाधव जखमी होऊन पडले होते. हात इतके निकामी की शस्त्र उचलता येईना. क्वालिसचा टायर गेला, दोघांनी ती सोडून एक चंदेरी स्कोडा हिसकावली. जाधवांनी कसंबसं वायरलेस गाठलं आणि खबर दिली.

स्कोडा मरीन ड्राइव्हवरून सुटली. मध्यरात्रीनंतरचा मोकळा रस्ता, ताकदवान गाडी. मागून तिला गाठेल अशी पोलिसांची एकही गाडी जवळ नव्हती. पण संदेश गाडीच्या आधी गिरगाव चौपाटीला पोहोचला होता. तिथे डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी बॅरिकेड लावून नाकाबंदी केली होती. बहुतेकांच्या हातात लाठ्या. स्कोडा काही अंतरावर थांबली, दिवे प्रखर केले, काचेवर पाणी आणि वायपर सुरू केले, म्हणजे आत कोण आहे ते दिसू नये. मग तिने वळून पळायचा प्रयत्न केला आणि दुभाजकावर चढून अडकली.

गोळीबारात इस्माईल पडला. दुसऱ्या बाजूने सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे पुढे झाले. हातात लाठीच होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या तरी सोडली नाही. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, पोलिसात येण्याआधी सैन्यात होते. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्या रात्री त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं, तेव्हा स्कोडा अजून दुभाजकावरच होती.