खोलीतली किटली

कळवणच्या शिवारात डाळिंबाच्या झाडाखाली बसा. समोर सप्तशृंगीचा गड, हातात ठिबकची नळी. तीच धरून मागे निघा.

1965. तुम्ही इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, हाट्झेरीम नावाच्या किबुत्झात, म्हणजे सगळं सामायिक असलेल्या शेतवस्तीत, पोचलात. अभियंता सिमखा ब्लास यांचा ठिबकचा ड्रिपर बनवायला याच वर्षी इथे नेटाफिम कंपनी सुरू झालीय. मालक कोण, असं विचारलंत तर उत्तर येतं: आम्ही सगळे. कारखाना सांभाळणारा आणि भांडी घासणारा, दोघांचा वाटा सारखाच.

आणखी मागे. ऑक्टोबर 1946. ज्यूंच्या योम किप्पूर सणाचा उपास सुटला त्याच रात्री नेगेवमध्ये 11 वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. या वस्त्यांतल्या बहुतेकांना देवधर्माशी देणंघेणं नाही, पण नव्या वस्त्यांना आडकाठी करणारं तेव्हाचं इंग्रज सरकार गाफील सापडेल अशी वेळ पंचांगानेच काढून दिली.

आता जुन्या किबुत्झात मुक्काम करा. लाँड्रीतून सदरा मिळतो. तो तुमचा नव्हे, तुमच्या मापाचा. पोरं रात्री आईजवळ नाही, बालघरात झोपतात. संध्याकाळी चहाची तलफ येते. खोलीत किटली ठेवावी का? यावर तेव्हा खरोखर वाद झडले. खोलीत चहा उकळू लागला की माणूस सामायिक भोजनगृहात कशाला येईल? तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे चहाशिवाय बांधाचं भांडणसुद्धा मिटत नाही. पण मला विचाराल तर ती भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, घरोघरी स्वयंपाकघरं आली.

शावुओतला शेतावर या. सिनाई पर्वतावर तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, मिळाली म्हणून धार्मिक ज्यू हा सण पाळतात. इथे त्यातलं पहिल्या पिकाचं रूप तेवढं उचललंय. सजवलेले ट्रॅक्टर, गवताच्या गठ्ठ्यांवर पोरं, आणि वर्षभरात जन्मलेली बाळंही पहिलं फळ म्हणून मिरवतात. पोळ्यातून देव वजा केला तर उरेल तसं काहीसं.

समतेपेक्षा हे सण चिवट निघाले. 1980च्या दशकात कर्जाने किबुत्झांचं कंबरडं मोडलं. बालघरात झोपवणं हळूहळू बंद झालं. 1910 सालच्या पहिल्या किबुत्झाने, देगानियाने, 2007 मध्ये ज्याच्या-त्याच्या कामाप्रमाणे पगार मान्य केला. 2017 मध्ये नेटाफिमचा 80 टक्के हिस्सा एका मेक्सिकन कंपनीला विकायचं ठरलं. हाट्झेरीमने 20 टक्के राखला.

भूक लागली असेल. भोजनगृहात चला, पण बऱ्याच किबुत्झांत आता आधी ताटाचे पैसे मोजावे लागतात. जेवून लवकर झोपा. उद्या शावुओत आहे, ट्रॅक्टर धुऊन ठेवलेत.