तळटीप : ‘ऑपरेट’

१२. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–१९४२) १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि पुढे त्याच भाषेत शिकवू लागले. इंग्रजीतून चिनीत जाताना ‘ऑपरेट’ हा शब्द अडतो: इंग्रजीत शल्यविशारद, यंत्र आणि सैन्य या तिघांनाही ‘ऑपरेट’ हे एकच क्रियापद पुरते. चिनीत मात्र शस्त्रक्रियेसाठी ‘तुंग शोउशू’, यंत्रासाठी ‘त्साओत्सुओ’, लढाईसाठी ‘त्सुओचान’. त्यामुळे चिनी विद्यार्थी इंग्रजीतल्या ‘ऑपरेट’पुढचे ‘ऑन’ सहज विसरतो, आणि रुग्णावर शस्त्रक्रिया होण्याऐवजी तो यंत्रमागासारखा चालवला जातो! (सोलापूरकरांना हे अधिक फोडून सांगायला नको.) मराठीने ‘ऑपरेशन’ हे नाम उचलून त्याला ‘करणे’ जोडले, त्यामुळे मराठीत रुग्णाला आपला ‘चा’ किंवा ‘वर’ लागतोच.