उतारवयात ऐकलेला गोंगाट



आज ज्या संगीताविषयी बोलायचे आहे, ते कुणी तुमच्या ओटीवर वाजवायला घेतले तर तुम्ही बहुधा खिडकी लावून घ्याल. त्याचे नाव पंक रॉक. मी स्वतः अडुसष्टाव्या वर्षापर्यंत ते ऐकले नव्हते. चौतीस वर्षे खेड्यातल्या शाळांत मास्तरकी केली. कान तयार झाले ते काकडआरतीवर, भजनावर आणि रेडिओवरच्या नाट्यगीतांवर. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला नातू पुण्याहून आला, तो कानात मोबाइलच्या वायरी घालून मान हलवीत बसला होता. काय ऐकतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, "आजोबा, ते तुम्हाला नाही आवडायचं."

मास्तराला असे म्हटले की तो हट्टाला पेटतो. मी एक वायर मागून घेतली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज सुरू झाला. नाक मुरडणार, एवढ्यात गाणे संपलेदेखील! पुढ्यातला चहा अजून गरम होता. मी म्हटले, "पुन्हा लाव." त्या 'पुन्हा'पासून सुरू झालेला अभ्यास आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

'पंक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर उनाड, वाया गेलेले पोर. रॉक संगीत म्हणजे विजेवर चालणारी गिटार, ढोलाचा संच आणि गाणारा गळा. १९७० नंतर हे रॉक फार श्रीमंत झाले होते. एकेक गाणे दहा-पंधरा मिनिटांचे, वाद्ये लाखमोलाची, कार्यक्रम प्रचंड मैदानांवर. ऐकणाऱ्या पोराला वाटायचे, हे आपल्या हातून कधी व्हायचे नाही. आपण तिकीट काढावे, लांब बसावे आणि टाळ्या वाजवाव्यात.

न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स भागातल्या चार तरुणांनी १९७४ साली हा मामला उलटा केला. रमोन्स हे त्यांच्या चमूचे नाव. चौघे भाऊ नव्हते, पण चौघांनीही रमोन हेच आडनाव लावून घेतले. ते ज्या सीबीजीबी नावाच्या गुत्त्यात वाजवीत, तो शहरातल्या एका दरिद्री वस्तीत होता. मालकाने तो खरे तर ग्रामीण अमेरिकन गाण्यांसाठी उघडला होता! २३ एप्रिल १९७६ ला त्यांची पहिली तबकडी निघाली. चौदा गाणी, आणि सगळी मिळून अर्धा तासही नाही. खर्च सुमारे सहा हजार चारशे डॉलर, म्हणजे त्या धंद्याच्या मानाने किरकोळ. ना लांबलचक आलाप, ना करामती. गिटारवर तीन ठिकाणी बोटे ठेवता आली की त्यातली बरीचशी गाणी वाजवता येत.

आता एका रेडिओवाल्याची गोष्ट सांगतो. ती आपल्या घरची वाटेल अशी आहे.

इंग्लंडमध्ये जॉन पील नावाचे एक निवेदक होते. जन्म १९३९ चा, लिव्हरपूलजवळचा. वडील कापसाचे व्यापारी. लिव्हरपूलच्या कापूसबाजाराला आपल्या वऱ्हाडची चांगलीच ओळख होती, अमरावतीकडचा कापूस तिथे 'ऊमरा' या नावाने विकला जाई. पण मुलाचे मन कापसात रमले नाही. कापसाच्याच कामासाठी अमेरिकेत गेलेला हा तरुण तिथल्या रेडिओत शिरला आणि १९६७ साली परत येऊन बीबीसीच्या रेडिओ वनवर दाखल झाला. रात्रीचा कार्यक्रम, निवांत आवाज, लांबलचक गाणी आणि ठरलेले श्रोते.

१९७६ च्या मे महिन्यात त्यांनी रमोन्सची ती तबकडी वाजवली. श्रोत्यांची पत्रे आली. 'आपली आवड'ला येतात तशी फर्माइशीची नव्हेत, बरं का! असले पुन्हा कधी लावू नका, अशी. पील तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. छत्तीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे. पण जिथे विशीतली पोरे गातात आणि विशीतलीच ऐकतात, तिथे छत्तिशीचा माणूस आजोबाच म्हणायचा. बसलेली घडी मोडू नये, असे त्या वयात कुणालाही वाटले असते. पीलनी पत्रे वाचली आणि तेच संगीत आणखी लावले. ते श्रोत्यांची मते घेऊन पन्नास आवडत्या गाण्यांची यादी करीत. १९७६ साली पहिला क्रमांक लेड झेपेलिन यांच्या 'स्टेअरवे टू हेवन' या आठ मिनिटांच्या गाण्याला मिळाला. १९७८ साली तोच क्रमांक सेक्स पिस्टल्स या पंक चमूच्या 'अनार्की इन द यूके'ने घेतला. दोन वर्षांत श्रोत्यांचा कौल असा फिरला.

हे इंग्लंडमध्येच एवढे का फोफावले? १९७६ साली तिथे बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला होता. सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. त्यात त्या उन्हाळ्यात अवर्षण पडले, पाणी जपून वापरण्यासाठी खास कायदा करावा लागला. आपण १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, तेव्हा रिकाम्या हातांच्या तरुणाला कसे वाटते हे मी सांगायला नको.

मँचेस्टरचे नाव तर आपल्याला पाठ आहे. त्याच्याच कापडाच्या होळ्या आपल्या आजोबांनी केल्या, आणि इचलकरंजीला आपण कौतुकाने महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतो. पण १९७६ पर्यंत खुद्द मँचेस्टरच्या बहुतेक गिरण्यांची धुराडी थंड झाली होती. आपल्या गिरणगावावर ती पाळी १९८२ च्या संपानंतर आली. त्या मँचेस्टरजवळच्या बोल्टनला शिकणारे दोन विद्यार्थी, पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो, यांनी सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम पाहिला आणि त्यांना आपल्या गावी बोलावले. ४ जून १९७६ ला एका छोट्या सभागृहात तो कार्यक्रम झाला. माणसे थोडकीच होती, पण त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे स्वतःचे चमू काढले.

शेली-डिव्होटो यांच्या चमूचे नाव बझकॉक्स. तबकडी काढायची तर कंपनीच्या दारात उभे राहायचे, ही तोवरची रीत. यांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, डिसेंबरात एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये एक हजार प्रती काढल्या. वेष्टनावर काय छापले होते, ते मला शिक्षक म्हणून फार आवडले. कोणते गाणे कितव्या प्रयत्नात जमले, हे त्यांनी उघड लिहिले होते! गणित सोडवताना खोडलेली आकडेमोडही वहीत ठेवावी, तसे. वाचणाऱ्या पोराला कळावे की हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. त्या हजार प्रती हातोहात गेल्या आणि पुढे आणखी कितीतरी हजार खपल्या.

जे तबकडीचे, तेच लिखाणाचे. लंडनमध्ये मार्क पेरी नावाचा बँकेतला एक कारकून होता. रमोन्स ऐकून त्याने १९७६ च्या जुलैत 'स्निफिन ग्लू' नावाचे पत्रक काढले. टंकलेखन घरचे, मथळे हाताने लिहिलेले, पाने यंत्रावर नक्कल करून टाचलेली. मोठ्या वृत्तपत्रांना जे लिहायचे नव्हते, ते यात येई. आपल्याकडे मुंबईत १९६० नंतर तरुण कवींनी अशीच सायक्लोस्टाइल अनियतकालिके काढली होती. ज्यांनी परीक्षेचे पेपर त्या यंत्रावर काढताना हात काळे केले आहेत, त्यांना त्या कागदाचा वाससुद्धा आठवेल.

मुलीही मागे राहिल्या नाहीत. पॉली स्टायरीन हे टोपणनाव घेतलेली लंडनची एक मुलगी होती. वडील सोमालियाचे, आई तिकडचीच गोरी. एकोणिसाव्या वाढदिवशी तिने सेक्स पिस्टल्स ऐकले आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साथीदार जमवले. तिच्या चमूत सॅक्सोफोन वाजवणारी तर शाळकरी पोरच होती. दातांना तारा लावलेली पॉली तशीच रंगमंचावर उभी राही, आणि दुकानदारी माणसाला कशी गिळते यावर गाई.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यांच्यात शिवराळपणा होता, थुंकणे होते, मारामाऱ्या होत्या. लोकांना डिवचायचे म्हणून काहींनी जर्मन नाझींचे चिन्हसुद्धा अंगावर मिरवले. अमली पदार्थांनी काही तरुण जीव गेले. सेक्स पिस्टल्स हा चमू १९७८ च्या जानेवारीतच फुटला. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा त्यांनी राणीवर एक जहरी गाणे केले. बीबीसीने ते वाजवायला मनाई केली, तरी खपाच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेले. यातले सगळेच मला पटते असे नाही.

पण एक प्रसंग असा आहे की तिथे मी थांबलो. लंडनच्या साउथहॉल भागात आपली भारतीय माणसे, मुख्यतः पंजाबी, मोठ्या संख्येने राहतात. १९७६ च्या जूनमध्ये तिथे अठरा वर्षांच्या एका शीख विद्यार्थ्याचा गोऱ्या टोळक्याने खून केला. परदेशीयांना हाकला म्हणणारा नॅशनल फ्रंट हा पक्ष तेव्हा जोरात होता. त्याच्याविरुद्ध 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ ला हजारो माणसे ट्राफल्गार चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत गेली, आणि तिथे क्लॅश हा पंक चमू, पॉली स्टायरीनचा चमू आणि कृष्णवर्णीय तरुणांचा स्टील पल्स हा चमू एकाच व्यासपीठावर गायले. पुढच्या वर्षी, २३ एप्रिल १९७९ ला, साउथहॉलच्या नगरभवनात नॅशनल फ्रंटने सभा ठेवली. निदर्शनाला गेलेल्यांत ब्लेअर पीच नावाचा एक शिक्षक होता. वय तेहतीस, मूळचा न्यूझीलंडचा, अडचणीतल्या मुलांच्या खास शाळेत शिकवणारा. डोक्यावर तडाखा बसून तो गेला. तो तडाखा बहुतेक एका पोलिसाचाच होता, हे सांगणारा पोलिसांचाच अहवाल बाहेर यायला २०१० साल उजाडले. साउथहॉलला ज्यांना अटक झाली, त्यांच्या खटल्यांच्या खर्चासाठी त्याच वर्षी लंडनमध्ये कार्यक्रम झाले. क्लॅशने त्यांतही गाणी म्हटली. उनाड म्हणून हिणवलेली ही पोरे आपल्या माणसांच्या पाठीशी उभी राहिली, ही गोष्ट मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात भेटली नव्हती.

ऐकणाऱ्यांची समज कधी कधी फार उशिरा येते. रमोन्सच्या त्या पहिल्या तबकडीला अमेरिकेत पाच लाख प्रतींच्या खपाचा मान मिळाला तो २०१४ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. मूळच्या चौघांपैकी तिघे तोवर वारले होते. उरलेला टॉमी त्याच वर्षी जुलैत गेला. जॉन पील मात्र शेवटपर्यंत नवे ऐकत राहिले. १९७८ च्या सप्टेंबरात उत्तर आयर्लंडच्या डेरी शहरातल्या पाच पोरांचे, अंडरटोन्सचे, 'टीनएज किक्स' हे गाणे त्यांनी एकाच रात्री लागोपाठ दोनदा वाजवले. त्या शहरात १९७२ साली लष्कराच्या गोळीबारात एका दिवशी तेरा माणसे पडली होती, आणि पोरे गात होती साधे तरुणपणीच्या ओढीचे गाणे. २००४ साली पील वारले. त्यांच्या थडग्यावर त्याच गाण्यातले शब्द कोरले आहेत.

आता माझी गोष्ट. ती सांगितली नाही तर हे भाषण अपुरे राहील.

१९८४ साली आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते, आणि गाण्यांची निवड माझ्याकडे होती. सातवीतला एक मुलगा आला. म्हणाला, "गुरुजी, मी हलगी वाजवू का? माझी मला येते." मी म्हणालो, "हे शाळेचं संमेलन आहे, जत्रा नव्हे. गोंगाट नको." "बरं, गुरुजी," म्हणून तो गेला. संमेलनाच्या दिवशी त्याने बाके उचलली, सतरंज्या घातल्या आणि स्वागतगीताला टाळ्या वाजवल्या. त्याचा ठेका चुकत होता म्हणून मी नाही म्हटले, असे आजवर मनाला सांगत आलो. ते खरे नाही. त्याचा ठेका मी ऐकलाच नव्हता. हलगी कोणाच्या घरची, हे मला ठाऊक होते, साऱ्या गावाला ठाऊक होते, आणि माझा नकार तिथून आला होता. चाळीस वर्षांनी परक्या देशातल्या पोरांचा गोंगाट कौतुकाने ऐकताना तो मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. तो आज पन्नाशी ओलांडलेला असेल. त्याला मी हे कधी सांगितले नाही. हा आवाज त्याच्या घरापर्यंत पोचला, तर एवढेच म्हणतो, की बाबा, चूक माझी होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही पंक रॉक ऐकावे असा माझा आग्रह नाही. मागणे लहान आहे. यंदाच्या संमेलनात पंधरा मिनिटे अशी ठेवा, की ज्याला जे वाजवता येते त्याने ते वाजवावे. निवड करू नका, आधी चाचणी घेऊ नका. हलगी येईल, डबा येईल, एखादी बेसूर पेटीही येईल. तुम्ही पुढच्या रांगेत बसा आणि पुरते ऐका. नावडले तर मग खुशाल तसे सांगा.